दाखल्यावर न मावलेले मूल

शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्या सार्वजनिक जीवनातील बहुधा सर्वांत दीर्घायुषी दस्तऐवज असावा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या नावे तो प्रथम निघतो, आणि पुढे जातीच्या प्रमाणपत्रापासून निवृत्तिवेतनाच्या अर्जापर्यंत ज्या ज्या कचेरीची पायरी तो मनुष्य चढतो तेथे तेथे त्या दाखल्याची नक्कल त्याच्या आधी जाऊन बसलेली असते. त्यावर मुलाचे संपूर्ण नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, शाळा सोडण्याचे कारण, आणि सरतेशेवटी, साऱ्या गुरुजींनी एकमताने ठरवून टाकल्याप्रमाणे, ‘प्रगती चांगली, वर्तणूक चांगली’ एवढा शेरा असतो. आमच्या पिढीतील मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतले दाखले कोणी एकत्र मांडून पाहिले, तर जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून ही तारीख इतक्या वेळा आढळेल की, उरलेले अकरा महिने या भागात कोणी जन्मच घेत नव्हते की काय अशी शंका यावी. आईबापांना तारीख स्मरत नसे, शाळा जूनमध्ये उघडत असे, आणि गुरुजींना वयाची अट पुरी करून घ्यायची असे. त्यामुळे तो कल्पित दिवस दाखल-खारीज रजिस्टरात इमानेइतबारे चढून सरकारदरबारी कायम झाला. मात्र त्याच गुरुजींना त्या मुलाविषयी जे खरेखुरे ठाऊक होते ते लिहिण्यासाठी त्या कागदावर एकही रकाना नव्हता, आणि आजही नाही.

दरवर्षी जूनच्या मध्यावर, मृग बरसो वा न बरसो, असे शेकडो दाखले घेऊन नांदेड जिल्ह्यातील आमच्या मुखेड तालुक्यातील मुले गावाबाहेर पडतात. ज्यांच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीवर वा पाचवीवर संपते, त्यांना मुखेडला, नाहीतर बाऱ्हाळी, जांब, मुक्रमाबाद अशा मोठ्या गावांकडे वळावे लागते. कोणी एसटीने येतो, कोणी काळीपिवळीत कोंबून घेतलेला असतो, कोणी मामाच्या घरी राहायला आलेला असतो, आणि एखाद्या तांड्यावरून आलेली तीन-चार मुले चालत, एकमेकांची दप्तरे ओढत, डांबरी रस्त्याच्या कडेकडेने येताना दिसतात. या मुलांच्या आयुष्यातील हे पहिले स्थलांतर असते. परंतु पहिलीच्या प्रवेशाला आपण गुलाबाची फुले देतो, पुस्तके देतो, क्वचित बैलगाडीतून मिरवणूक काढतो, दहावीच्या परीक्षेला सारे घर जागे असते, आणि या दोहोंच्या मधली ही पायरी मात्र मूल एकटेच चढून जाते. मधल्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाने काय अपेक्षा बाळगावी, हा प्रश्न म्हणूनच मला विचारण्याजोगा वाटतो. आणि त्याहून अधिक विचारण्याजोगा वाटतो तो त्याचा दुसरा भाग, की शाळेकडून काय अपेक्षा बाळगण्याचा त्या मुलाला हक्क असावा.

‘मधली शाळा’ ही कल्पना आमच्या भागाला नवी नाही. निजामाच्या राज्यात शाळांच्या तीन पायऱ्यांना तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया अशी नावे होती. खालची, मधली आणि वरची एवढाच त्यांचा अर्थ. त्या काळी तहतानियातून वस्तानियात जाणे म्हणजे केवळ इयत्ता चढणे नव्हते. खेड्यात मराठीतून पाढे घोकलेल्या पोराला मधल्या शाळेत भूगोल, गणित, इतिहास हे सारे विषय उर्दूतून समजून घ्यावे लागत. 1918 साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाल्यावर तर शिक्षणाच्या सगळ्या वरच्या वाटा त्याच भाषेतून जाऊ लागल्या. मायबोलीच्या आडवी आलेली ही भिंत ज्यांना खुपत होती त्यांनी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांसारख्या संस्था चालवल्या, आणि मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे या दोन्ही ठिकाणी अध्यापन करीत होते, ही गोष्ट योगायोगाची मानता येणार नाही. 17 सप्टेंबर 1948 नंतर ती भिंत पडली, वस्तानियाचे मिडल स्कूल झाले, मिडल स्कूलचे उच्च प्राथमिक झाले, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्याला पुन्हा ‘मध्य स्तर’ असेच नाव दिले. नावे तीन वेळा बदलली. पायरीची उंची मात्र मुलाच्या गुडघ्याला आजही तितकीच लागते.

ही पायरी नेमकी कोठे आहे याविषयीही आपल्याकडे एकवाक्यता नाही. महाराष्ट्राची जुनी वहिवाट चौथीपर्यंत प्राथमिक आणि पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक अशी. तर 2010 साली अमलात आलेला बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा पाचवीपर्यंत प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक मानतो. त्यामुळे पाचवीचे मूल जिल्हा परिषदेचे की हायस्कुलाचे, यावरून पटसंख्येच्या आणि शिक्षकांच्या पदांच्या हिशेबात गेली कित्येक वर्षे ओढाताण चालू आहे. तथापि ज्या मुलाला चौथीनंतर गाव सोडावे लागते त्याच्या दृष्टीने मधली शाळा पाचवीलाच सुरू होते. कायद्याने या दोन टप्प्यांत केलेले भेद मोठे बोलके आहेत. खालच्या टप्प्यात वर्षाला 200 दिवस आणि 800 तासांचे अध्यापन, वरच्या टप्प्यात 220 दिवस आणि 1000 तास. खाली 30 मुलांमागे एक शिक्षक, वर 35 मुलांमागे एक. खाली घरापासून 1 किलोमीटरच्या आत शाळा, वर 3 किलोमीटरच्या आत. शालेय पोषण आहारातदेखील खालच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, तर सहावीपासून 150 ग्रॅम. मूल वाढते आहे, त्याला अधिक भूक लागते, अधिक शिकायचे असते, अधिक चालायचे असते, एवढे कायदेकर्त्यांनी ओळखले आणि त्याचे माप ग्रॅमपर्यंत ठरवून दिले. त्याला कोणी ओळखणारेही हवे असते, याचे माप मात्र कोणत्याही अनुसूचीत नाही.

आणि बदल होतो तो नेमका येथेच. गावच्या शाळेत दोन किंवा तीन शिक्षक असतात. एकच गुरुजी मराठीही शिकवतात, गणितही शिकवतात, मुलाचे नाक पुसायला सांगतात, खिचडी वाढताना कोण उपाशी राहिला ते पाहतात, आणि संध्याकाळी पारावर त्याच्या बापाला गाठून, बाजरी काढायला पोराला आठ दिवस घरी ठेवल्याबद्दल दोन शब्द सुनावतात. त्यांना मूल अखंड दिसते. मधल्या शाळेत तेच मूल तासातासांत विभागले जाते. घंटा झाली की एक सर जातात, दुसऱ्या मॅडम येतात. गणिताच्या सरांना त्याची बेरीज ठाऊक असते, इंग्रजीच्या मॅडमना त्याचे स्पेलिंग ठाऊक असते, वर्गशिक्षकांना त्याची हजेरी ठाऊक असते, परंतु हे तिन्ही तपशील ज्याचे आहेत ते मूल कोणालाच ठाऊक नसते. यात शिक्षकांचा दोष मुळीच नाही. विज्ञान जाणणाऱ्याने विज्ञान शिकवावे आणि भाषेत रमणाऱ्याने भाषा, ही व्यवस्था योग्यच आहे, आणि ज्या मुलाला जाणत्या माणसाकडून प्रथमच चुंबकाचे किंवा भिंगाचे नवल समजते त्याचे डोळे कसे लकाकतात हे ज्याने पाहिले आहे तो या व्यवस्थेला नावे ठेवणार नाही. पण ज्ञानाची वाटणी झाली म्हणून मुलाची जबाबदारी वाटली जाऊ नये. वाटलेली जबाबदारी ही बहुधा कोणाचीच नसते.

म्हणून यंदा पाचवीत किंवा सहावीत आलेल्या मुलामुलींना आधी सांगावेसे वाटते ते असे की, पहिले काही आठवडे तुमचे नाव कोणाच्या ध्यानात राहिले नाही तर मनाला लावून घेऊ नका. मोठ्या गावच्या शाळेत नव्या पोराला त्याच्या गावाच्या नावानेच हाक मारण्याची रीत आमच्या वेळीही होती, आणि ‘ए येवती, ऊठ’ असे ऐकले की ते गावच आपल्याबरोबर वर्गात उभे राहिल्यासारखे वाटे. तासांचे वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या, म्हणजे सगळी पुस्तके रोज पाठीवर वाहावी लागणार नाहीत. दहावीची दांडगी पोरे नळावर पुढे घुसतील. महिन्याभरात त्यांचेही भय जाते. गृहपाठ एका सरांना दुसऱ्या सरांनी किती दिला हे ठाऊक नसल्यामुळे एखाद्या दिवशी तो डोंगराएवढा होईल. तेव्हा रडण्याऐवजी सांगावे, सर ऐकतात. सुटीत ग्रंथालयाचे कपाट कोठे आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे असते हे विचारून ठेवावे, कारण न मागणाऱ्याला ती किल्ली सहसा सापडत नाही. मुलींनी एसटीच्या मोफत पासाचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना पाचवीपासूनच्या ग्रामीण मुलींसाठी आहे आणि तो त्यांचा हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत.

भाषेचा प्रश्न आमच्या तालुक्यात स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. तेलंगण आणि कर्नाटक या दोन्हींच्या सीमा येथून फार दूर नाहीत. तांड्यावरच्या मुलाची मायबोली गोरमाटी असते, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कानडी, कोणाच्या घरी दखनी उर्दू. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही यावरून महाराष्ट्रभर रण माजले आणि अखेर सरकारला आपले आदेश मागे घ्यावे लागले. त्या सगळ्या वादात प्रमाण मराठी हीच ज्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे अशा मुलाची आठवण फारशी कोणाला झाली नाही. गावचे गुरुजी चार वर्षांत त्याची बोली थोडीफार शिकलेले असतात, एखादा शब्द अडला की तो त्याच्याच भाषेत सांगतात. मधल्या शाळेत हा दुभाषी उरत नाही, आणि मूल गप्प होते. मग त्या मौनाचा अर्थ ‘काही येत नाही’ असा लावला जातो. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले 2022 मध्ये 42.8 टक्के आणि 2024 मध्ये 48.8 टक्के होती, म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांपुढे मधल्या शाळेची जाडजूड पुस्तके येतात ती वाचता न येण्याच्या अवस्थेत. त्यांपैकी कोणाला अक्षरच ओळखता येत नाही, कोणाला भाषा परकी वाटते आणि कोणाला फळाच दिसत नाही, हे निरनिराळे रोग आहेत. पण गुणपत्रिकेवर ते एकाच आकड्याने उमटतात.

फळा न दिसणाऱ्या मुलांपैकी मी एक होतो. गावच्या शाळेत चारही वर्षे मी पहिल्या रांगेत बसलो, आणि तो मला माझ्या हुशारीचा मान वाटत असे; वस्तुतः गुरुजींनी माझे डोळे बारीक करून पाहणे केव्हाच हेरले होते आणि कोणालाही न सांगता मला पुढे बसवले होते. पाचवीला मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका शाळेत गेलो, दाखल्यावर ‘प्रगती चांगली’ होते, आणि उंचीप्रमाणे रांग लागली तेव्हा उंच म्हणून मला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. सहा महिने मी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होतो. त्याच्या चुका माझ्या चुका झाल्या, नक्कल करतो म्हणून छड्या मिळाल्या, आणि सहामाहीत दोन विषयांत नापास झालो तेव्हा घरच्यांनी मला पुन्हा ढोरांमागे पाठवण्याचा विचार गंभीरपणे केला. पुढे चित्रकलेच्या सरांनी, मी घागर न पाहता मित्राच्या कागदावरची घागर काढतो आहे हे पाहून, मला खिडकीशी नेले आणि बाहेरच्या पाटीवरचे अक्षर वाचायला सांगितले. नांदेडला जाऊन चष्मा लागला आणि प्रश्न मिटला. माझे अर्धे वर्ष ज्या एका वाक्यावाचून वाया गेले ते वाक्य केवळ नऊ-दहा मैलांवर, एका सज्जन मास्तरांच्या मनात, शाबूत होते. त्याला प्रवासाची सोय नव्हती एवढेच.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. दाखल्याला एक जोडपत्र असावे. गावच्या शिक्षकाने प्रत्येक मुलामागे अर्धे पान लिहावे, त्यात चारच गोष्टी असाव्यात: घरात कोणती भाषा बोलतात, मूल शाळेत कसे येणार आणि घरी त्याला पाहणारे कोण आहे, त्याला काय चांगले जमते, आणि त्याला कोठे मदत लागते, मग ती डोळ्यांची असो, कानांची असो, वाचनाची असो वा धीराची. आणि मधल्या शाळेने प्रत्येक नव्या मुलासाठी एक शिक्षक, वर्गशिक्षकच असे नव्हे, नावानिशी नेमून द्यावा, ज्याने ते अर्धे पान वाचलेले असेल आणि जो पहिल्या महिन्यात त्या मुलाशी किमान एकदा निवांत बोललेला असेल.

यावर आक्षेप येतील हे मी जाणतो. प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी आधीच असतात, मग हे नवे लचांड कशाला, असे कोणी म्हणेल. त्या नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य वर्गातील पंचवीस मुलांच्या नावापुढे एकाच शाईने लिहिलेले असते. दुसरा आक्षेप कामाच्या भाराचा आहे आणि तो खरा आहे. सरल, यू-डायस, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुका, सर्वेक्षणे यांनी शिक्षक आधीच वाकला आहे. परंतु चौथीत पंधरा मुले असतील तर हे वर्षातून एकदा लिहायचे साडेसात पानांचे काम आहे, आणि शिक्षकाच्या साऱ्या लेखनकामात बहुधा हेच एक असे असेल की जे लिहिताना त्याला आपण शिक्षक असल्याची आठवण होईल. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: नव्या शाळेत कोऱ्या पाटीने जाण्याचाही मुलाला हक्क असतो, आणि जुन्या गुरुजींचा राग या कागदावरून त्याच्या मागे लागला तर तो दाखल्यापेक्षाही घातक दस्तऐवज ठरेल. हे मान्य करूनच मी चार गोष्टींची मर्यादा घातली आहे. त्यात वर्तणुकीचा रकाना नाही, गुणांचा नाही, जातीचा तर नाहीच. आणि ते अर्धे पान आईबापांना वाचून दाखवल्याखेरीज पाकिटात जाऊ नये. ‘खोडकर आहे’ हे कळवण्याची काही गरज नाही, ते नव्या शाळेला पहिल्याच दिवशी कळेल. ‘आईबाप कोयत्यावर जातात, दिवाळीपासून होळीपर्यंत आजीपाशी असतो’ हे मात्र कोणी कळवल्याशिवाय कळत नाही.

कारण मुले शाळेतून गळतात ती या अशा अज्ञातवासात गळतात. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्या तालुक्यातील तांडे आणि वाड्या ओस पडतात. गावच्या शाळेत असताना गुरुजी घरोघर फिरून मुलांना हंगामी वसतिगृहात ठेवून घेण्याची खटपट करतात, पण मधल्या शाळेत नोव्हेंबरात एक मूल यायचे थांबले तर हजेरीपटावर गैरहजेरीचे शेरे साचत जाण्यापलीकडे काही घडेलच असे नाही. मुलीच्या बाबतीत तर शेवटची बस कितीला आहे आणि बसथांब्यापासून घर किती दूर आहे या दोन तपशिलांवर तिचे सातवीनंतरचे शिक्षण, आणि पुष्कळदा तिच्या लग्नाचे वयही, अवलंबून असते. त्यात 2023 पासून महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा ठेवली आहे. नापास झालेल्या मुलाला पुन्हा एक संधी मिळते आणि तीही हुकली तर त्याच इयत्तेत बसावे लागते. परीक्षेला माझा विरोध नाही. मात्र मुलाला ओळखायला सहा महिने लागत असतील आणि परीक्षा दहाव्या महिन्यात येत असेल, तर त्याला शिकवायला आपण वेळ तो किती ठेवला, एवढा हिशेब परीक्षा घेणाऱ्याने स्वतःपुढे मांडावा. बिलोली तालुक्यातील शंकरनगरच्या नवोदय विद्यालयात सहावीला जाणाऱ्या साऱ्या जिल्ह्यातील 80 मुलांची चाळणी आपण मोठ्या दक्षतेने करतो. उरलेल्या हजारो मुलांसाठी अर्ध्या पानाची दक्षता मागणे काही अवाजवी नाही.

या कामासाठी मंत्रालयातून शासननिर्णय येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद भरत असतेच. तेथे केंद्रप्रमुखांनी एकदा विषय काढावा, गावची शाळा आणि हायस्कूल यांच्या शिक्षकांनी एका दुपारी समोरासमोर बसावे, आणि एप्रिलची परीक्षा आटोपली की निकालाच्या आधीच्या चार दिवसांत ही अर्धी पाने लिहून व्हावीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी दाखला घ्यायला जाताना ‘गुरुजी, पोराबद्दल चार ओळी लिहून द्या’ एवढे म्हटले तरी पुरे आहे. मुखेड तालुक्यातील चौथी-पाचवीच्या सर्व शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या 1 मे रोजी दाखल्यावर नेहमीप्रमाणे ‘चांगली’, ‘चांगली’ असे दोनदा लिहून सही-शिक्का करून झाला की, एक कोरा कागद पुढे ओढा आणि तुम्हांला त्या मुलाविषयी जे ठाऊक आहे ते लिहा. तुमच्याशिवाय ते आणखी कोणालाही ठाऊक नाही.